मैदान भरतीचं, फ्लेक्स विद्यापीठाचा: लातूरच्या एका 'खेळ अधिक बारावी' अकादमीचा आढावा

लातूर शहराच्या कडेला असलेल्या या निवासी अकादमीच्या फाटकावर दोन फ्लेक्स आहेत. एकावर 'पोलीस भरती, सैन्य भरती', दुसऱ्यावर 'खेळ अधिक बारावी, थेट विद्यापीठाच्या संघात'. दुसऱ्यावर अविनाश साबळेचा मोठा फोटो आहे. साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि पळण्याचं खरं शिक्षण त्याला तिथे मिळालं. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं, त्यात या अकादमीचा काडीचा वाटा नाही. फ्लेक्सवरचा फोटो बघून प्रवेश घेऊ नका, एवढंच.

अकादमीचं नाव मुद्दाम देत नाही. याच बांधणीच्या अकादम्या नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर, सगळीकडे उभ्या राहिल्यात. खाली जे लिहिलंय ते तिथेही जसंच्या तसं तपासता येईल.

पॅकेज असं: दहावीनंतर दोन वर्षं राहणं, मेस, दोन वेळचा सराव, 'टायअप' कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीचा प्रवेश आणि अकादमीतच क्लास. वर्षाला ९५ हजार. 'नीट'ची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, बॅच हवी असेल तर ४० हजार वर. (लातुरात खेळाडूलासुद्धा नीट विकतात, त्याला इलाज नाही.) किटचे ६,५०० वेगळे. त्यात दोन टी-शर्ट, एक ट्रॅकसूट आणि एक बॅग. बूट त्यात नाहीत.

आधी जे चांगलं आहे ते. ऑफिसच्या भिंतीवर कॅलेंडरचा एक फ्लेक्स आहे, पाच फूट बाय तीन फूट. स्पर्धा हिरव्या, परीक्षा लाल, हलक्या सरावाचे आठवडे निळे. ऑगस्टपासून तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी, तिच्याखाली घटक चाचण्या आणि सहामाही, आणि शेवटी जानेवारी ते मार्च लालच लाल. राष्ट्रीय शालेय स्पर्धा आणि बारावीच्या प्रात्यक्षिकांची गाठ कुठे पडू शकते, ते आठवडे पिवळ्या मार्करने अधोरेखित केलेले. मराठवाड्यात खेळाडूचं वर्ष इतकं स्पष्ट मांडलेलं क्वचित दिसतं. बहुतेक ठिकाणी खेळाचे सर आणि फिजिक्सचे सर एकमेकांना ओळखतही नाहीत.

कॅलेंडरच्या जोडीला प्रत्येक खेळाडूची एक 'बुडीत वही' आहे. साधी दोनशे पानी, मधोमध रेघ. लेकरू स्पर्धेला गेलं की डावीकडे त्या दिवशी कोणत्या विषयाचा कोणता भाग बुडाला ते वर्गातला जोडीदार लिहून ठेवतो. उजवीकडे तो भाग कधी भरून काढला ती तारीख आणि सरांची सही. ज्याच्या वहीत उजवी बाजू दहा दिवसांहून जास्त कोरी राहते त्याला संध्याकाळचा सराव बंद. ऐकायला कठोर वाटतं, पण गणित बरोबर आहे. बारावीला एक विषय राहिला तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत. निकाल त्यानंतर, पदवीचा प्रवेश त्याच्याही नंतर. तोवर महाविद्यालयांच्या संघांची निवड सुरू झालेली असते. पास व्हायच्या ३५ ला दोन मार्क कमी पडले तर खेळाचा एक अख्खा हंगाम जातो.

विज्ञान शाखेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट इथे नीट सांभाळतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ७० मार्कांची लेखी आणि ३० ची प्रात्यक्षिक परीक्षा असते. प्रात्यक्षिकाच्या तारखेला पोरगं राष्ट्रीय स्पर्धेत असेल तर मंडळाकडे 'आउट ऑफ टर्न' परीक्षेची सोय आहे, पण त्यासाठी महाविद्यालयाचं पत्र आणि स्पर्धेचा कागद वेळेत जावा लागतो. अकादमी संघनिवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात अर्ज करते. जर्नल मात्र डिसेंबरच्या आत सही होऊन तयार हवं. ते अपुरं असेल तर कोणतंही पत्र उपयोगाचं नाही.

परीक्षेच्या काळातला सरावही समजून आखलेला आहे. बरेच पालक जानेवारीत सांगतात, "आता तीन महिने मैदान बंद." तसं केलं की मार्चअखेर दम आणि वेग दोन्ही उतरलेले असतात, आणि एप्रिलच्या उन्हात ते परत कमवावे लागतात. इथे १५ जानेवारीपासून आठवड्यात चारच दिवस, दिवसाला ३५-४० मिनिटं. एकूण अंतर निम्म्याहून कमी, पण त्यातले दोन दिवस वेगाचे: ६० मीटरच्या सहा-आठ धावा, मधे पूर्ण विश्रांती. अंतर घटवलं आणि वेग राखला तर कमावलेलं बऱ्यापैकी टिकतं. हे इथल्या सरांना कळतं, ही जमेची मोठी बाजू.

आता मैदान. सगळी गडबड तिथे आहे.

मैदान मुरुमाचं. फेरी ३०० मीटरची, असं सांगतात. आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर टेप धरून मोजलं तर फेरी २९५ भरते. पाच मीटरने काय होतं? ८०० मीटरला इथे दोन फेऱ्या आणि वर दोन तृतीयांश लागतात. म्हणजे एकूण तेरा मीटर कमी, म्हणजे जवळपास दोन सेकंद फुकटात. पोरगं इथे २:०८ ला पळतं आणि विभागीय स्पर्धेत २:१० लागले की खचतं. त्याचं काही चुकलेलं नसतं, टेप चुकलेली असते. १०० मीटरचं टायमिंगही हाताच्या स्टॉपवॉचचं, तेही शिटीच्या आवाजावर सुरू केलेलं. इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायचं असेल तर त्यात ०.२४ सेकंद मिळवा, तेव्हा खरं चित्र दिसेल.

फेरीची चूक एका दुपारी टेप आणि फक्की घेऊन दुरुस्त होईल. दुसरी चूक तशी सुटणार नाही. सकाळी साडेपाचला एकच शिटी वाजते आणि भरतीची बॅच व खेळाची बॅच एकत्र उभी राहते.

पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, मुलींना १६०० च्या जागी ८००. मुलांच्या १६०० ला ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० मार्क. त्यामुळे भरतीची बॅच आठवड्यातून चार-पाच दिवस घड्याळ लावून १६०० पळते. त्यांच्या कामाला ते एकवेळ चालतं. पण ५:१० म्हणजे ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. ८०० मीटर २:१० ला पळू बघणाऱ्या पोराला स्पर्धेत ४०० ला ६५ चा वेग लागतो. साडेसत्त्याहत्तर त्याच्यासाठी ना धड हळू, ना धड वेगात. दम वाढवायला तो वेग जास्त आहे आणि स्पर्धेचा वेग अंगवळणी पाडायला कमी. रोज तेच केलं की पाय कायम जड, टायमिंग आहे तिथेच, आणि सर म्हणणार, "मेहनत कमी पडतीय."

८०० वाल्याचा आठवडा साधारण असा हवा. एक दिवस २०० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकी ३१-३२ सेकंदांत, मधे दोन मिनिटं चालणं. एक दिवस ३०० च्या चार-पाच, जरा सबुरीने, विश्रांती तीन-चार मिनिटं. एक दिवस सात-आठ किलोमीटर इतकं हळू की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. दोन जोरकस दिवसांमधे ४८ तास. एक दिवस पूर्ण सुट्टी, म्हणजे खरोखर सुट्टी, 'हलके दोन राउंड' सुद्धा नाहीत. खो-खो आणि कबड्डीवाल्यांना तर १६०० चा रोजचा रतीब आणखीच निरुपयोगी. त्यांना पाच-दहा मीटरचा झपाटा, एकदम थांबणं आणि दिशा बदलणं लागतं. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून या भागातल्या मुली खो-खोकडे मोठ्या आशेने येतात. त्यांना या मैदानावर सकाळी काय मिळतं? पाच फेऱ्या आणि वर शंभर मीटर.

याचा परिणाम नडगीवर दिसतो. जून-जुलैत नवीन बॅच आली की तीन-चार आठवड्यांत नडगी दुखणाऱ्यांची रांग लागते. कारणं उघड आहेत: टणक मुरूम, तळ झिजलेले बूट आणि गावाकडे आठवड्याला दहा किलोमीटरही न पळणाऱ्या पायांवर एकदम तीस-पस्तीसचा भार. अकादमीचा उपाय म्हणजे स्प्रे आणि क्रेप बँडेज. फिजिओ महिन्यातून एका रविवारी येतो.

इथे पालकांनी एक फरक स्वतः शिकून घ्यावा. दुखणं नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं असेल, पळून अंग गरम झालं की कमी होत असेल, तर भार कमी करून आणि बूट बदलून बहुतेकदा ते आवरतं. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. हाडाला बारीक चीर असली तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ दिसू शकतो. "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

व्यायामशाळेत चार चकचकीत मशीन आहेत, माहितीपत्रकात त्यांचे फोटो आहेत. उपयोगाचं सामान कोपऱ्यात पडलंय: वीस किलोचा बार, थोड्या प्लेटा, लाकडी पायरी, दोऱ्या. सोळा-सतराच्या वयात वजन उचलल्याने उंची खुंटत नाही, सर शेजारी उभे असले आणि पद्धत बरोबर असली म्हणजे झालं. पायरीवर टाचा उचलणं १५ चे तीन सेट, बारने बैठका आठ-आठचे तीन. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. आठवड्यातून दोनदा पाच-पाचच्या दोन सेटपासून सुरुवात. या एका व्यायामाने तो स्नायू ओढला जाण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, असं अभ्यासांतून दिसलंय. इथे त्याऐवजी रोज दोनशे बैठका मारून घेतात. दोनशे बैठकांनी घाम येतो, वेग येत नाही.

मेस. स्वच्छ आहे, अन्न गरम असतं, पाण्याला फिल्टर आहे. २०१६ ला रेल्वेने पाणी आलेल्या गावात पाण्याची टाकी पहिल्यांदा बघायची असते. ती मोठी आहे, झाकलेली आहे. तक्रार ताटाची. सकाळी सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण, भाजी, भात. रात्री तेच, भाजी बदलून. चव उत्तम, ठेचा तर विचारू नका. पण हिशोब करा. ५५ किलोच्या सराव करणाऱ्या खेळाडूला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनं धरली तर दिवसाला ८५ ते ९५ ग्रॅम लागतात. एका भाकरीत सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत सात, सुशीलात शेंगदाणे धरून चार-पाच. सगळं मिळून पन्नाशी गाठताना दमछाक. उरलेले पस्तीस-चाळीस ग्रॅम कुठून आणायचे?

पावडरच्या डब्यातून नाही. दोन उकडलेली अंडी बारा ग्रॅम, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे बारा-तेरा, ३०० मिलिलीटर दूध दहा. झाले पस्तीस. अंडी न खाणाऱ्यांनी ३० ग्रॅम सुके सोयाबीन वडे भाजीत टाकले की पंधरा. एवढ्याचा खर्च दिवसाला पावडरच्या एका मापाहून कमी पडतो. अकादमीच्या ऑफिसात मात्र प्रोटीन पावडरचे डबे विकायला ठेवलेत आणि 'सरांनी सांगितलं' म्हणून पोरं घेतात. पावडरीत काय मिसळलंय ते डब्यावरून कळत नाही. विद्यापीठ पातळीवर उत्तेजक चाचणी होऊ शकते, आणि तिथे "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

औषधांचंही तेच. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांमध्ये टर्ब्युटालीन असतं, ते खेळाडूला बंदी असलेल्या यादीत आहे. दम्याच्या काही गोळ्याही तशाच. सालब्युटामॉलचा पंप मर्यादेत चालतो, गोळी चालत नाही. मेडिकलवरून बाटली आणण्याआधी घटक वाचायचे आणि नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन' ॲपवर तपासायचे. भरतीच्या पोरांमध्ये मैदानावर उतरण्याआधी मेफेन्टरमाइन या उत्तेजकाचं इंजेक्शन घेण्याचं खूळ आहे, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. तेही बंदी असलेलं, आणि हृदयाला थेट धोका. दोन्ही बॅच एकाच हॉस्टेलला, एकाच खोलीत ठेवू नयेत याचं हेही एक कारण. इथे ठेवतात.

मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे, वॉर्डन आहे, आवार सुरक्षित आहे. जेवणावर लगेच चहा देतात तो बंद करायला सांगा, चहाने अन्नातलं लोह कमी अंगी लागतं. त्याऐवजी ताटात लिंबू ठेवा. प्रवेशाच्या वेळी आणि दर सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासून घ्या, जमलं तर फेरिटिनही (अंगातल्या लोहाचा साठा). १२ च्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या मुलीला "दम कमी आहे" म्हणून आणखी पळवणं ही मूर्खपणाची हद्द झाली. पाळी तीन महिने आली नाही तर तो 'सराव चांगला चाललाय' याचा पुरावा नव्हे. बहुतेकदा सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असतं. डॉक्टरला दाखवा.

झोपेची वेळ कागदावर रात्री दहा ते पाच. सात तास. या वयाला आठ ते दहा लागतात. दुपारी जेवणानंतर पाऊण तास पडू देतात, तेवढं बरं. पण नीटच्या बॅचला ती डुलकीही नाही, त्यांचा क्लास दोनला सुरू होतो. ज्याला खरोखर मैदानावर काही करायचंय त्याने ते ४० हजार वाचवावेत.

कागदपत्रांचं काम इथे अर्धं नीट, अर्धं धोक्याचं. नीट असं की प्रवेशालाच जन्मदाखला, पहिलीच्या प्रवेशाचा निर्गम उतारा आणि आधार समोर ठेवून नावाची एकेक वेलांटी जुळवतात. १९ वर्षांखालील गटाचं वय ३१ डिसेंबरला धरतात, ते कार्डावर लिहून देतात. धोक्याचं असं की 'टायअप' कनिष्ठ महाविद्यालय दुसऱ्या जिल्ह्यात आहे. खेळाडू ज्या शाळेच्या पटावर आहे, तिथूनच त्याची प्रवेशिका जाते. म्हणजे लातूरला सराव करणारं लेकरू त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या संघातून उतरणार, ते महाविद्यालय प्रवेशिका वेळेत पाठवणार की नाही हे अकादमीच्या हातात नाही, आणि बारावीला खेळासाठी मिळणाऱ्या ग्रेस मार्कांचा प्रस्तावही तिथूनच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत मंडळाकडे जाणार. प्रवेशाआधी त्या महाविद्यालयात स्वतः जाऊन क्रीडा शिक्षक आहे का, आणि गेल्या वर्षी प्रवेशिका किती गेल्या, एवढं विचारून या.

आणखी एक. वर्षातून एक-दोनदा कुठल्यातरी संघटनेच्या 'ओपन नॅशनल' ला तीन-चार हजार भरून पोरांना नेतात. पदक हमखास, कारण गटात चारच जण. त्या संघटनेला आणि स्पर्धेला शासनमान्यता नसेल तर त्या प्रमाणपत्रावर ना ग्रेस मार्क मिळतात, ना नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, पडताळणीतच ते बाद होतं. ते पैसे बुटांना लावा.

या पॅकेजची सगळ्यात मोठी खोट मात्र त्या सुंदर कॅलेंडरच्या शेवटच्या रकान्यात आहे. ते मार्चला संपतं. फ्लेक्सवर विद्यापीठाचा संघ, आणि करार बारावीच्या शेवटच्या पेपरला खलास! महाविद्यालयीन खेळाची खरी तयारी एप्रिल ते सप्टेंबर. परीक्षेने मरगळलेलं शरीर परत उभं करायचं, तेही मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात. सराव सकाळी सातच्या आत उरकायचा. आधी आणि नंतर वजन करायचं, किलोभर घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडं थोडं, त्यात लिंबू-मीठ-साखर. त्याच काळात महाविद्यालय निवडायचं. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीत प्रवेश घेतला तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून खेळायचं. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवला घेतला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडून. आपल्या खेळात कोणत्या विद्यापीठाचा संघ भक्कम आहे आणि कुठे जागा मिळू शकते, हे प्रवेशाआधी बघायचं असतं. नियमित, पूर्णवेळ प्रवेशच हवा, बहिःस्थ किंवा दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ, मग कबड्डी-खो-खोला आधी पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय. या सगळ्याबद्दल अकादमीत विचारलं तर उत्तर एकच: "ते कॉलेजवाले बघतात."

ज्याचा खेळ पळण्याचा किंवा खो-खो-कबड्डीचा आहे, ज्याची शाखा कला किंवा वाणिज्य आहे आणि घरी अभ्यासाला शिस्त नाही, त्याने फक्त बारावीचं एक वर्ष इथे काढायला हरकत नाही. कुस्तीवाल्यांनी येऊ नये, मॅट नाही आणि वस्तादही नाही. प्रवेश घेताना दोन गोष्टी पावतीच्या मागे लिहून सही करून घ्या: सकाळचा सराव भरतीच्या बॅचपासून वेगळा, आणि एप्रिल ते जून सराव, राहणं, मेस चालू. पहिलीला सर आढेवेढे घेतात, पण सहा-सात पालक एकत्र गेले की मानतात. दुसरीसाठी महिन्याला सहा हजार मागतात, पाचात देतात.